पाहुण्यांच्या हातात माईक

आमच्या पट्ट्यात टेनिस क्रिकेटची मॅच पावसामुळे थांबत नाही, कारण पावसात त्याच शेतात भात उभा असतो. मॅच थांबते ती पाहुणा आला की. पाहुणा गाडीतून उतरला की कॉमेंट्रीवाला खेळ थांबवायला सांगतो, शाल येते, नारळ येतो आणि मग पाहुण्यांच्या हातात माईक येतो. पाहुणा सरपंच असो, बिल्डर असो, नाहीतर कोणाच्या जावयाचा मित्र असो, माईक हा त्याचा मान. मानाला कोणी नाही म्हणत नाही. म्हटलं तर पुढच्या वर्षी बक्षिसाची बाईक कोण देणार, हाही प्रश्न असतोच.

मी विनिता. करंजाड्यात राहते आणि हळदी, साखरपुडे, पालख्या, क्रिकेटच्या टुर्नामेंट यांचं यूट्यूबवर लाईव्ह करते. माझे कॅमेरे आहेत, टेम्पो आहे आणि निकेश नावाचा धाकटा भाऊ आहे. तो कॉमेंट्री करतो. पनवेलपासून उरणपर्यंत लोक त्याचा आवाज डोळे मिटून ओळखतात. आवाज त्याला मिळाला आणि अक्कल मला, असं आमची आई म्हणायची. त्या रविवारपासून मी हे वाक्य कोणाला ऐकवत नाही.

परेश सर म्हणून एक गृहस्थ आहेत. आधी खारघरला क्लास घ्यायचे, आता भाषणं देतात. 'जागृत भूमी' नावाची त्यांची संघटना आहे. हा माणूस कधी ओरडत नाही. मास्तर हजेरी घेतो तसं शांतपणे बोलतो, आणि तो बोलून गेला की कोणाच्या तरी दुकानाचं शटर वर जात नाही. आमच्या ओळखीतला एक कोंबडीवाला असाच गेल्या वर्षी दुकान सोडून भिवंडीला निघून गेला. त्याला कोणी हातही लावला नव्हता. फक्त एका भाषणात त्याच्या दुकानाचा पत्ता आला होता.

परेश सरांच्या माणसांनी मला दोनदा फोन केला होता. सरांची तासभर मुलाखत घ्या, म्हणाले. मी म्हटलं, आम्ही हळद आणि क्रिकेट करतो, दुसरं काही करत नाही. यावरून निकेश माझ्याशी आठवडाभर धड बोलला नाही.

"ताय, तो बोलला का लाखानी लोक बघतान," तो म्हणाला. "आपण काय न्यायाधीश हाव? दोनी बाजू दाखवायच्या. लोक ठरवतील."

"दुसरी बाजू कोण? तो कोंबडीवाला येऊन बसणार हाय का त्याच्यासमोर?"

तो वायर गुंडाळत बाहेर निघून गेला, पण पटलं म्हणून नव्हे.

तर फेब्रुवारीतला रविवार. नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका गावाची टुर्नामेंट होती. सेमीफायनल होती यजमान गाव आणि उरणकडची कोळ्यांची टीम यांच्यात. ऊन चढलेलं, बांधांवर माणूसच माणूस. अंपायर होते दळवी सर. पनवेलच्या एका शाळेत ते पीटी शिकवतात. माझी मुलगी मनस्वी त्यांच्याच हाताखाली खो-खो खेळली. पूर्ण नाव अझीम दळवी, पण मैदानावर ते सगळ्यांचेच दळवी सर. जुन्या लोकांना ते कोण, कुठले हे ठाऊक होतं. बाहेरून आलेल्या गर्दीला ठाऊक नव्हतं आणि कोणाला त्याचं पडलेलंही नव्हतं. त्यांचं बोट वर गेलं की गेलं. त्यांच्याशी हुज्जत घातलेला खेळाडू मी तरी पाहिलेला नाही.

यजमानांची बॅटिंग चालू असताना पांढरी गाडी आली आणि परेश सर उतरले. मला कोणी सांगितलंही नव्हतं. दारातून नाही म्हटलेला माणूस खिडकीतून आत आला होता, आणि खिडकी माझ्याच भावाने उघडली. निकेशने खेळ थांबवला, शाल घातली, नारळ दिला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला दुसरा माईक दिला. मी मंडपात लॅपटॉपसमोर बसून दात-ओठ खात होते. सर दोनच वाक्यं बोलले. "माझ्यामुळे मुलांचा खेळ नको थांबायला. मी इथेच बसतो, थोडं कौतुक करतो." गर्दीने टाळ्या वाजवल्या. सर बसले, पण माईक त्यांनी परत दिला नाही. मागायचा कसा, हे निकेशला सुचेना.

पुढच्याच ओव्हरला यजमानांचा कॅप्टन कल्पेश दुसऱ्या धावेला निघाला. सीमारेषेवरून आलेला थ्रो थेट स्टंपवर बसला आणि दळवी सरांचं बोट वर गेलं. कल्पेशने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. बॅट काखेत मारून तो चालू लागला. बांधावर थोडी हाय-हूय झाली, ती नेहमीच होते.

"निकेश," माईकवर परेश सरांचा आवाज आला, "हे अंपायर कोण?"

"दळवी सर," निकेश आपल्या माईकवर म्हणाला.

"पूर्ण नाव सांगा की. खेळाडूंची पूर्ण नावं घेता, त्यांचं का नको?"

निकेशची जीभ त्याच्या डोक्याच्या चार पावलं पुढे धावते. त्याच जोरावर तर तो कॉमेंट्री करतो. "अझीम दळवी सर, पनवेल."

"अच्छा. काय करतात?"

"शाळेत पीटी शिकवतात."

परेश सरांनी माईक तोंडाशीच धरून ठेवला. चारी भोंग्यांतून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. शिव्या देणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही, माझं आयुष्य हळदीतल्या दारुड्यांना आवरण्यात गेलंय. पण तो श्वास ऐकून माझा हात आवाजाच्या बटणाकडे गेला.

"मी काही म्हणत नाही," सर म्हणाले. "आउट असेल तर असेल. पण आपल्या गावच्या पोराला, आपल्याच जमिनीवर, बाहेर कोण काढतंय, तेवढं बघून ठेवा. आज एक विकेट गेली. उद्या—"

मी मैदानाच्या आवाजाचं बटण खाली ओढलं. भोंगे मुके झाले. मी हात वर करून जनरेटरकडे बोट दाखवलं, म्हणजे लोकांना वाटावं तिथेच बिघाड झालाय.

लाईव्ह मात्र मी चालूच ठेवलं. त्या घटकेला मला वाटलं, बांधावरच्या माणसाच्या पायाशी दगड आहे, घरी बसून बघणाऱ्याच्या हातात चहाचा कप. आधी बांधावरचे कान बंद करू, बाकीचं नंतर कापून टाकता येईल. बघणाऱ्यांचा आकडा भराभर वर चढत होता, तोही मी पाहिला. खोटं कशाला बोलू.

सर काही दुधखुळे नव्हते. भोंगे बंद पडल्याचं त्यांच्या लक्षात आलं, पण कॅमेऱ्याचा लाल दिवा त्यांना दिसत होता. ते खुर्ची वळवून कॅमेऱ्याकडे तोंड करून बसले आणि बोलतच राहिले. आता त्यांचं बोलणं फक्त माझ्या हेडफोनमध्ये येत होतं. "आपल्या मुली या माणसाच्या शिट्टीवर धावतात. कोणत्या शाळेत, ते पालकांनी शोधावं. मी नाव घेणार नाही, मी कायदा पाळणारा माणूस आहे." शोधणं किती सोपं होतं ते त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी आपल्याच हुशारीवर खूश होते. तेवढ्यात कुंपणाजवळ कोणाच्या तरी मोबाईलवर तोच आवाज वाजला. "पूर्ण नाव सांगा की."

मग मला कळलं मी काय करून बसले होते. आमच्या मैदानावर मोठा पडदा नसतो. वादाचा रनआउट झाला की अर्धा बांध मोबाईल काढतो, आमचंच लाईव्ह उघडतो आणि मागे नेऊन पुन्हा बघतो. लाईव्ह म्हणतात खरं, पण ते थोडं मागूनच पोचतं, आणि मागे नेलं की आणखी मागून. कल्पेश आत होता की बाहेर, हे बघायला त्या क्षणी सगळ्यांनीच मोबाईल काढले होते. रनआउट बघून झाला की पुढे परेश सर सुरू होत होते. एका मोबाईलवर सर नाव विचारत होते, दुसऱ्यावर अच्छा म्हणत होते, तिसऱ्यावर मुलींचं सांगत होते. बांधाबांधावरून तो शांत आवाज तुकड्यातुकड्याने उठत होता. भोंग्यावर लोकांनी एकदाच ऐकलं असतं. आता जो तो कानाशी धरून ऐकत होता आणि शेजाऱ्याला ऐकवत होता. आग रामेश्वरी आणि मी बंब नेला सोमेश्वरी.

मी लाईव्ह तोडलं. त्याचा उपयोग नव्हता, पोचायचं ते पोचलं होतं. दुसऱ्या बाजूच्या बांधावरून काही माणसं शेतात उतरली. धावत नव्हती, नुसती चालत होती. दळवी सर स्टंपजवळ उभे होते. त्यांनी खाली वाकून बेल्स नीट लावल्या आणि पुन्हा उभे राहिले. त्यांच्या जागी मी असते तर पळत सुटले असते.

बंदोबस्ताला आलेले हवालदार मंडपामागे सावलीत वडापाव खात होते. मी त्यांना हलवलं. त्यांच्यातला वयस्कर म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्यांना इथून घेऊन जा. ते गेले की सगळं शांत होईल." आणि तो तोंड पुसत उठला तरी, हे त्याचे उपकार.

कल्पेश खेळाडूंच्या बाकावर पॅड सोडत होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"कल्पेश, आउट होतास ना?"

"होतो ना ताई. हातभर बाहेर होतो."

"मग तेवढं माईकवर बोल. मी आवाज चालू करते. तुझं गाव तुझं ऐकेल."

त्याने शेतात उतरलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यात त्याचा सख्खा चुलता होता. "मगाशी विचारलं असतं तर बोललो असतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आता कसा बोलू? मना याच गावात ऱ्हावाचं हाय." तो पुन्हा पॅडचा पट्टा सोडू लागला. पट्टा केव्हाच सुटलेला होता.

मला त्याचा राग आला आणि लगेच गेलाही. भीती मलाही होतीच, फक्त मला त्या गावात राहायचं नव्हतं. निकेश दोन्ही हातांनी बंद माईक धरून उभा होता. हजारो धावांचं वर्णन करणाऱ्या त्या माणसाला 'निर्णय बरोबर होता' एवढं म्हणता येईना. मी एकटीच पिचकडे निघाले. हवालदार माझ्या मागून येतायत की नाही, हे वळून बघायचंही धाडस झालं नाही.

"सर, चला," मी म्हटलं.

"इनिंग संपायची आहे अजून," दळवी सर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण त्यांच्या हातातला बॉल मोजायचा क्लिकर सारखा टकटकत होता.

मी त्यांचा दंड धरला. आम्ही माणसांच्या मधूनच मंडपाकडे आलो. कोणी हात लावला नाही. कोणीतरी शिट्टी वाजवली, पीटीच्या तासाला वाजवतात तशी, आणि बरेच जण हसले. मी त्यांचा दंड आणखी घट्ट धरला. परेश सर खुर्चीवरून उठून नमस्कार करत म्हणाले, "काळजी घ्या, सर."

निकेशला कॅमेरे आवरायला ठेवून मी टेम्पो काढला. दळवी सर शेजारी बसले. नेरे मागे पडलं. मग आरशात एक स्कूटर दिसली. मी वेग वाढवला तसा तिनेही वाढवला, हॉर्न वाजवत जवळ आली. सर सीटवरून खाली सरकून पायाशी बसले. साठीकडे झुकलेला, मुलांना ताठ उभं राहायला शिकवणारा माणूस गिअरजवळ डोकं गुडघ्यात घालून बसला होता. स्कूटर खिडकीशी आली. मैदानाची निगा राखणारे काशिराम होते, आणि मांडीवर सरांची पिशवी.

"बाय, मास्तरांचे बूट ऱ्हायलं," ते म्हणाले. पिशवी खिडकीतून आत टाकली. खाली बसलेल्या सरांकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे नेली. "कोनाला सांगू नको मी आलेलो." स्कूटर वळवून ते परत गेले.

पनवेलच्या पुलाजवळ सरांच्या बायकोचा, शमीमभाभींचा फोन आला. बिल्डिंगखाली दोन बाईकवर अनोळखी पोरं उभी होती. भाभी मुलीला घेऊन मागच्या जिन्याने उतरून तळोज्याला बहिणीकडे निघाल्या होत्या. "तुम्ही घरी येऊ नका," त्या सांगत होत्या, "खुदा के वास्ते येऊ नका." मी टेम्पो करंजाड्याकडे वळवला.

संध्याकाळी आम्ही तिघं माझ्या घरी चहा घेऊन बसलो होतो, म्हणजे कप समोर होते; मनस्वी स्वयंपाकघरात होती. निकेशचे डोळे लाल झालेले. तेवढ्यात माझा फोन वाजला. परेश सर स्वतः. मी स्पीकर चालू केला.

"विनिताताई, तुम्ही माझा आवाज बंद केलात, त्याबद्दल राग नाही," ते म्हणाले. "पण लोकांपर्यंत अर्धवट गेलंय. अर्धवट गोष्ट वाईट असते. तुमच्या चॅनलवर एक तास ठेवू. मी येतो, दळवी सरांनाही बोलवा. दोन्ही बाजू येऊ देत. म्हणजे गैरसमज राहणार नाही. नाहीतर आमची पोरं गरम डोक्याची आहेत, मी तरी कुठे कुठे पुरा पडणार?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

निकेश आधी बोलला. "ताय, एक तासात मिटत असेल तर मिटवून टाक. मी मधी बसतो. त्याला बोलू नाय देनार जास्त."

"आज किती बोलू दिलास ते बघितलं मी."

तो मान खाली घालून बसला. मला वाटलं, दळवी सर आता चिडून उठतील आणि म्हणतील की अशा माणसाशेजारी मी बसणार नाही. मी तेच ऐकायची वाट बघत होते. म्हणजे मलाही नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"मी येतो," दळवी सर म्हणाले.

"सर, काय बोलताय?"

"काय बोलायचं ते तुम्हीच सांगा, विनिताताई." त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "मी म्हणतो की माझी नजर चुकली, कल्पेश आत होता. हात जोडून म्हणतो. मग शाळेपर्यंत जाणार नाहीत ना ते? मुलगी दहावीला आहे हो माझी."

ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्या धाकाने बोट खाली घेतलं नाही, तो माझ्या सोफ्यावर बसून मला खोटं बोलायची परवानगी मागत होता. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"मी ही मुलाखत करणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही त्याच्या शेजारी बसून चूक कबूल केलीत, तर ते तिथे थांबणार नाहीत. उद्या ते दुसऱ्या कोणाचं पूर्ण नाव विचारतील."

"तुम्ही नाही म्हणाल," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार आली. "पण राग तुमच्यावर निघणार नाही. माझ्यावर निघेल. चॅनल तुमचं आहे, मान्य. नाव माझं आहे."

मी लॅपटॉप पुढे ओढला. मग मला एक सुचलं, आणि तेव्हा तरी ते बरोबर वाटलं. रनआउटचा तेवढा तुकडा काढायचा. आवाज नाही, परेश सर नाहीत, कोणाचं नाव नाही. बाजूच्या कॅमेऱ्यातून, एकदम हळू. बेल उडते आणि बॅट अजून हवेत असते, हातभर बाहेर. आंधळ्यालाही दिसेल. लोकांनी खरं बघितलं की बोलायला काही उरणार नाही. सरांनी मान हलवली. निकेशने तुकडा कापला, मी चॅनलवर टाकला.

आम्ही बघत बसलो. माणसं धडाधड येऊ लागली. पहिल्याने खाली लिहिलं, क्लिअर आउट. दुसऱ्याने लिहिलं, अंपायरला सलाम. एका उरणवाल्याने लिहिलं, कल्पेशभाऊ स्वतःच चालू लागला होता, बघा. सरांचे खांदे जरासे सैल झाले. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला. गार झाला होता, पण त्यांना ते कळलं नसावं. ते उठून खिडकीकडे गेले आणि भाभींना फोन लावू लागले.

मी खाली सरकवत वाचत होते. आउट होता. आउटच होता. मग एकाने विचारलं, आउट होता ते ठीक, पण हा राहतो कुठे? त्याखाली कोणीतरी हसऱ्या चेहऱ्यासकट उत्तर दिलं होतं, पनवेलच्या घराला कुलूप आहे, सध्या विनिताताईंकडे करंजाड्यात, टेम्पो खाली उभा आहे. त्याला लोकांनी अंगठे दिलेले होते आणि मी बघत असताना आणखी येत होते.

मी ते उत्तर काढून टाकलं. खाली तेच दुसऱ्या कोणीतरी पुन्हा लिहिलं, आता मजल्यासकट. मी सगळा तुकडाच काढून टाकला.

"काय म्हणतायत लोक?" खिडकीजवळून सरांनी विचारलं. भाभींचा फोन लागत होता वाटतं, त्यांचा चेहरा मघापेक्षा बरा होता.

"आउट होता म्हणतायत," मी म्हटलं.

"मी सांगतच होतो," ते म्हणाले आणि फोनवर बोलू लागले.

मी निकेशला खुणेने मनस्वीला आतल्या खोलीत न्यायला सांगितलं. मग उठले, हॉलचा दिवा मालवला आणि दाराला आतून कडी घातली.